फरशीखालची फरशी

"साहेब, जरा इकडे या," अशी फरशीवाल्याची हाक आली तेव्हा तो न्हाणीघरात उकिडवा बसून चहाचे कप विसळत होता. स्वयंपाकघर रिकामं केल्यापासून घरात प्रत्येक गोष्ट भलत्याच जागी करावी लागत होती. शेगडी खिडकीत, डबे पलंगाखाली, फ्रिज बाहेरच्या खोलीत दारामागे. म्हणजे दार उघडलं की ते फ्रिजवर आपटणार आणि फ्रिज उघडला की तो दारावर. त्यात या फरशीवाल्याच्या दर थोड्या वेळाने हाका. पाणी द्या, दिवा लावा, टेकू द्यायला काही आहे का बघा. आता काय हवंय याला, असं पुटपुटत तो हात पुसत आत गेला. फरशीवाला कोपऱ्यात, आईचं डब्यांचं कपाट असायचं तिथे, गुडघे टेकून बसला होता. नवी फरशी टाकण्याआधी खाली काय आहे ते एकदा पाहून घेऊ, म्हणून त्याने त्या कोपऱ्यातला एक तुकडा उचकटला होता. "मी सांगतो ना, खाली सिमेंटचा कोबाच निघणार, सगळीकडे तोच असतो," असं तो सकाळी छातीठोकपणे म्हणाला होता. आता तो छिन्नीच्या टोकाने खळग्यातला चुरा बाजूला सारत होता आणि सकाळचा तोरा जरा उतरला होता. "कोबा नाही हो," तो म्हणाला. "फरशीच आहे. जुनी. तशीच्या तशी."

"असं कसं असेल?"

"असं कसं म्हणजे? हे काय, बघा की."

"अहो, जुनी फरशी काढून मग ही टाकलीय. माझ्या वडिलांनी स्वतःच्या हाताने काढली होती."

"मग ही काय मागाहून आत शिरली?" फरशीवाला हसला आणि खिशात वाजणारा फोन काढून दुसऱ्याच कुणाला तरी "निघालोच, दहा मिनिटांत पोचतो" असं बिनदिक्कत सांगू लागला.

मग तो स्वतःच वाकला. खळग्यात राखाडी रंगाची, कडेला हिरवी रेघ असलेली फरशी दिसत होती. सिमेंटचा पातळ थर तिच्यावरून निघाला होता तिथे ती अजून तेलकट चमकत होती. ती त्याने डोळ्यांनी ओळखलीच नाही. आधी मांड्यांना गारवा जाणवला. उघड्या मांड्यांनी त्या फरशीवर बसून त्या हिरव्या रेघेवरून बोट फिरवत जेवणारं एक पोर त्याच्या आत कुठेतरी एकदम हललं, आणि मग तो चिडला. फरशीवाल्यावर चिडला, त्याच्या हसण्यावर, त्याच्या फोनवर, आपण घातलेल्या जुन्या चड्डीवर आणि हातातल्या ओल्या फडक्यावर. नवी फरशी टाकायचं हे खूळ काढलंच कशाला, असं त्याला वाटलं. ते खूळ त्याचंच होतं, हे आठवून तो आणखी चिडला.

बाबांची पाठ त्या फरशीपायी गेली, ही त्यांच्या घरात शिकायची पहिली गोष्ट होती. बोलायला लागलेल्या मुलाला नाव-गाव शिकवतात तशी ती त्याला शिकवली गेली, त्याच्याकडून ती त्याच्या मुलीला, आणि मधे बायकोला. तो लहान असताना एका सुट्टीत आई त्याला घेऊन मामाकडे गेली होती. बाबा घरी एकटे. त्यांनी रजा टाकली, कुणाकडून तरी पहार आणली आणि स्वयंपाकघराची सगळी फरशी मुळापासून उखडली. राडारोडा गोण्यांत भरला, त्या गोण्या पाठीवर टाकून इमारतीचे सगळे जिने उतरले, कारण लिफ्ट तेव्हाही नव्हती आणि आताही नाही. मग एकट्याने नवी फरशी बसवली. शेवटचा तुकडा बसवताना पाठीत कट्‌कन आवाज झाला आणि माणूस जो आडवा झाला तो झालाच. आई येऊन बघते तर इकडे लखलखीत स्वयंपाकघर आणि तिकडे अंथरुणाला खिळलेला नवरा. गोष्ट इथे संपायची आणि ऐकणारा पाहुणा बाबांकडे आदराने बघायचा, आणि बाबा खिडकीबाहेर. तेव्हापासून बाबांनी काही उचललं नाही. पिठाचा डबा नाही, सिलिंडर नाही, प्रवासातली बॅग नाही. आई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढायची आणि बाबा मागून मोकळ्या हातांनी यायचे, आणि समोरून येणाऱ्या शेजाऱ्यांना त्यात काही वावगं वाटायचं नाही, कारण गोष्ट त्यांनाही पाठ होती. पाठ नेमकी कधी दुखेल ते सांगता यायचं नाही, पण दुखायची वेळ मात्र ती झकास साधायची. नकोसे पाहुणे आले, कुणाकडे माफी मागायला जायचं असलं, शाळेत मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावलं, की बाबा हळूच कमरेवर हात ठेवायचे आणि आई म्हणायची, "राहू द्या, मी जाते."

आणि त्याने तर ते सगळं ऐकलं होतं. कानांनी ऐकलं होतं. पहार फरशीवर आपटल्याचा तो ठणठण आवाज, मग फरशी फुटल्याचा सुका आवाज, घशात बसलेली धूळ, जिन्याच्या वळणावर गोणीखाली वाकलेले बाबा, त्यांच्या मानेवरून ओघळणारा मातकट घाम. लग्नाआधी बायकोला पहिल्यांदा बागेत भेटला तेव्हा स्वतःबद्दल काय सांगावं ते सुचेना म्हणून त्याने ही गोष्ट सांगितली होती, हातवारे करून, गोणी पाठीवर घेऊन दाखवून, आणि ती अशा वडिलांच्या मुलाकडे जरा वेगळ्या नजरेने बघू लागली असं त्याला वाटलं होतं. आता त्या खळग्याशी वाकलेला असताना त्याच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं की तो तर तेव्हा मामाकडे होता. तो आवाज त्याने ऐकलाच कुठून? ती धूळ त्याच्या घशात गेली कशी? इतकी वर्षं एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात शिरली नाही म्हणजे आपण काय डोकं गहाण टाकलं होतं की काय! त्याने त्या आठवणीतल्या जिन्यावर पुन्हा जाऊन बघितलं. बाबा तिथे अजून वाकलेले होते, गोणी होती, घामही होता. खोटं ठरलेलं चित्र निदान पुसट तरी व्हायला हवं होतं, पण ते जास्तच ठसठशीत दिसत होतं.

"अजून चार जागी बघून घेतो," फरशीवाला फोन खिशात टाकत म्हणाला. "एकाच कोपऱ्यात राहिली असेल. कपाट हलवायचा कंटाळा केला असेल तुमच्या वडिलांनी."

ही शक्यता त्याला इतकी पटली की त्याला फरशीवाल्याचा एकदम लोभ वाटला. हो, तसंच असणार. सगळी काढली, एक कोपरा राहिला. कुणाचं काय बिघडलं? तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला आणि छिन्नीच्या प्रत्येक घावाबरोबर मनात म्हणत राहिला, इथे कोबा निघू दे. खिडकीखाली जुनी फरशी निघाली. ओट्यासमोर जुनी फरशी निघाली. भिंतीकडेला निघाली. फरशीवाला दर वेळी मान वर करून त्याच्याकडे असा बघायचा की ही फरशी जणू त्याच्याच सांगण्यावरून तिथे येऊन बसत होती. मग खोलीच्या मधोमध उचकटलं तेव्हा तो म्हणाला, "हां, इथे बघा. इथे कुणीतरी पहार घातली होती." राखाडी फरशीत मुठीएवढा खड्डा होता आणि त्याच्यापासून सगळीकडे तडे गेले होते. "एकच घाव घातलाय. मग दिलं सोडून. त्यात सिमेंट भरलं आणि वरून नवी टाकून दिली. हे आमच्यात सगळेच करतात हो, त्यात काय एवढं. तरीच म्हटलं, तुमचं स्वयंपाकघर बाहेरच्या खोलीपेक्षा वर कसं! दार पण खालून तासलंय, बघा."

दार खालून तासलेलं होतं. त्या दारातून तो दिवसातून किती वेळा आत-बाहेर करत होता, लहानपणापासून, आणि त्या उंचवट्याला अडखळत होता. तो, बायको, मुलगी, सगळेच. अडखळणाऱ्याला घरात वेंधळा म्हणायची पद्धत होती.

तेवढ्यात बायकोचा तिच्या ऑफिसातून फोन आला. काम कुठवर आलं, तिने विचारलं. त्याने सांगितलं. पलीकडे थोडा वेळ नुसते टाइप केल्याचे आवाज येत राहिले आणि मग तेही थांबले.

"म्हणजे बाबांनी काढलीच नव्हती?"

"हसू नकोस."

"मी कुठे हसतेय? अरे, मग त्यांची पाठ कशाने गेली?"

"मला काय विचारतेस?"

"मग कुणाला विचारू? मी सून म्हणून घरात आल्या आल्या तुम्ही मला बसवून सांगितलं होतं, तू आणि आईंनी. गरोदर असताना सिलिंडर ढकलत आणलाय मी, बाबा खुर्चीत बसलेले असताना." आता ती खरंच हसत नव्हती. "तू त्यांच्याशी बोल. मी संध्याकाळी येईपर्यंत बोललेला असायला हवास. नाहीतर मी बोलेन."

तिने फोन ठेवला. फरशीवाल्याने हात झटकले. सगळं खालपर्यंत काढायचं असेल तर मोठं मशीन लागेल, ते दुसऱ्या कामावर अडकलंय, जेवून घेऊन येतो, असं सांगून तो निघाला. जाताना फुटक्या तुकड्यांनी भरलेलं घमेलं त्याने दाराशी मधोमध ठेवलं, म्हणजे कुणीतरी अडखळून पडावंच. फरशीवाला गेल्यावर तो तसाच आत उभा राहिला. बाहेरच्या खोलीत, फ्रिजशेजारी ताठ पाठीच्या खुर्चीत बाबा बसले असणार. सकाळपासून त्यांनी आवाज काढला नव्हता. गेला महिनाभर मात्र ते अखंड बोलत होते. चांगली आहे की फरशी. नव्या फरशीवर पाय घसरतो. धूळ होईल, सूनबाईला धुळीने शिंका येतात. मी गेल्यावर करा काय करायचं ते, मी काय आता कायमचा आहे का? आणि तो स्वतःची समजूत घालत होता की बाबांना या फरशीची माया आहे, पाठ घालवून बसवलेली वस्तू आहे, वाटणारच. एवढंच नाही, त्याने फरशीवाल्याला सांगून ठेवलं होतं की हिचा एक चांगला तुकडा न फोडता काढून द्या, वडिलांसाठी ठेवायचाय. फरशीवाल्याने तो काढून, धुवून खिडकीत ठेवलाही होता.

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. चष्म्याची भिंगं घासायचं त्याचं काम. यंत्राने घासलेलं भिंग शेवटी त्याच्या हाताखालून जायचं, आणि डोळ्याला न दिसणारा चरा त्याच्या बोटाला लागायचा. कारखान्यात नवी आलेली माणसं ते बघायला त्याच्याभोवती गोळा व्हायची. आणि याच बोटांनी तो आई गेल्यापासून रोज बाबांच्या पाठीला मलम चोळत आला होता. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी वर जायचं, खांद्यांशी वळायचं, मग खाली. म्हातारी, सैल, उबदार कातडी. तिच्याखाली त्याला कधी गाठ लागली नाही, कधी काही ताठरलेलं लागलं नाही. "इथे का?" तो विचारायचा आणि बाबा म्हणायचे, "जरा खाली." मग खाली, मग डावीकडे, आणि कुठेच काही नाही. तेव्हा त्याला वाटायचं, काचेत समजतं ते माणसात समजत नाही आपल्याला. बोटं रोज खरं सांगत होती आणि तो रोज बोटांनाच खोटं पाडत होता. हे आठवल्यावर त्याला इतका संताप आला की त्याने त्या हाताची मूठ करून दाराच्या चौकटीवर आपटली, आणि ते फार लागलं.

पण खरी सल वेगळीच होती, आणि तिच्याकडे तो अजून सरळ बघत नव्हता. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. कारखान्याच्या मालकाने समुद्राकाठच्या एका शहरात नवा कारखाना काढायचं ठरवलं आणि सगळ्यांना सोडून त्याला बोलावून म्हटलं, तू चल, तिथलं सगळं तू बघ. दुर्बिणींची भिंगं करायची होती तिथे. चष्म्यांची नव्हे, मोठी, तळव्याएवढी, ज्यांच्यातून माणूस दूरचं बघतो. रात्रंदिवस त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. घासताना अशा भिंगाचा आवाज कसा येईल, याचीसुद्धा तो कल्पना करायचा. बायको तयार होती, तिने सामानाचा विचारही सुरू केला होता. आई मात्र याच स्वयंपाकघरात, याच फरशीवर उभी राहून, त्याच्याकडे न बघता म्हणाली होती, "तुझं भलं होत असेल तर मी आड येणार नाही. पण माझ्याच्याने आता जिने चढवत नाहीत. बाबांच्या पाठीचं काय करायचं ते तेवढं सांगून जा." मालकाने दुसरा माणूस नेला. तो माणूस अधूनमधून येतो, त्याचे हात बऱ्यापैकी आहेत, फार काही नाहीत, आणि तो भिंगांबद्दल बोलायला लागला की आपल्याला काम आठवतं आणि आपण उठून जातो. आपण स्वतःहून राहिलो, वडिलांसाठी राहिलो, या एका गोष्टीवर तो इतकी वर्षं तग धरून होता. रोज तीच चष्म्याची भिंगं, तीच जवळचं आणि लांबचं न दिसणारी गिऱ्हाइकं, आणि संध्याकाळी ती पाठ.

"निघाली का?"

बाबा दारात उभे होते. एक हात चौकटीला, पाय त्या घमेल्याच्या अलीकडे. त्यांनी आत पाहिलं, एकेक खळगा पाहिला आणि शेवटी मधल्या खड्ड्यावर त्यांची नजर थांबली. त्यांना धक्का बसेल, ते काहीतरी सबब सांगतील, कमरेवर हात जाईल, अशी तो वाट बघत होता. तसं काही झालं नाही.

"तुम्ही काढलीच नव्हती," तो म्हणाला. आवाज भलताच चढला. "एकही काढली नव्हती."

"काढायला घेतली होती. एक घाव घातला आणि खालच्या मजल्यावरचा बोंबलत वर आला, त्याच्या छताचे पोपडे पडले म्हणून. मग धीरच झाला नाही." त्यांनी खड्ड्यावरची नजर काढली. "तुझी आई मामाकडे सुट्टीला नव्हती गेली. सोडून गेली होती."

त्याला काही समजलं नाही. मामाचं घर, आईचा प्लॅस्टरमधला हात, त्या प्लॅस्टरवर त्याने पेनाने काढलेली चित्रं. हात मोडलेला असताना कुणी सुट्टीला जातं का, हाही प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

"त्या फरशीवर घसरून पडली होती ती," बाबा सांगत होते. "पाण्याचा हंडा घेऊन. किती दिवस मागे लागली होती, फरशी बदला, फरशी बदला. मी आज करू, उद्या करू. आणि ती पडली तेव्हा मी इथेच जेवायला बसलो होतो. मला हसू आलं. का आलं देव जाणे, पण आलं, आणि ते तिने पाहिलं. त्याच संध्याकाळी तुला घेऊन गेली. म्हणाली, या फरशीवर परत पाय ठेवणार नाही. मग मी हे असं केलं, वरून. आणि मामाला कळवलं की सगळी खणून काढली, पाठ गेली, पडून आहे. आता तरी पाठवा तिला. मामाने तिला समजावून पाठवली. तू होतास की बरोबर."

"तिला माहीत नव्हतं."

"तिला? आत पाऊल टाकलं आणि अडखळली. खाली पाहिलं, दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता उलट्या पावली जाते ही. दार लावून घेतलं तिने. तू बाहेर खेळत होतास. म्हणाली, भावाच्या घरून मी हसतमुखाने निघालेय. नवऱ्याने माझ्यासाठी पाठ मोडून घेतली असं वहिनी चार बायकांना सांगतेय. आता पाठ गेली म्हणालात ना, मग गेली. परत बरी व्हायची नाही." बाबांनी चौकटीवरचा हात काढला. "पहिले काही महिने मला वाटायचं, विसरेल. एकदा तुला खांद्यावर घेतलं, तर तिने असं पाहिलं की उतरवून ठेवलं मी तुला. बसमधून उतरताना तिच्या हातात दोन दोन पिशव्या आणि मी मोकळा. लोक बघायचे. तिला ते हवं होतं की मला शिक्षा होती, मला शेवटपर्यंत कळलं नाही. तुझ्या पोरीला मी कधी उचललं नाही रे. पाळण्यातून काढून कुणीतरी मांडीवर द्यायचं, मग घ्यायचो."

त्याला हे ऐकायचं नव्हतं. बाबांबद्दल वाईट वाटण्याची ही वेळ नव्हती, स्वतःबद्दल वाटण्याची होती, आणि तीही बाबा हिरावून घेत होते. "आणि मी जाणार होतो तेव्हा?" त्याने विचारलं. "कारखान्याचं ठरत होतं तेव्हा? तेव्हा का नाही बोललात? ही सगळी नाटकं चालली आहेत, तू जा, असं एक वाक्य बोलायचं होतं!"

"बोलणार होतो. तिला म्हटलं, सांगून टाकतो त्याला. ती म्हणाली, सांगा, मग मी घर सोडून निघाले." मग बाबा, जणू हे सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नव्हता म्हणून, म्हणाले, "तसा मीही फार हट्ट धरला नाही. तू इथे असावास असं मलाही वाटत होतं."

"आणि ती गेल्यावर? आता तर कुणाची भीती नव्हती ना?"

"तू मलम चोळायला लागला होतास," ते म्हणाले. "दिवसभरात तेवढाच माझ्याशी बसायचास."

ओरडावं असं त्याला वाटत होतं. पण कुणावर? आई फोटोत होती. समोर एक म्हातारा उभा होता आणि तो खरं बोलत होता. इतक्या वर्षांत कधी नव्हे ते खरं बोलत होता, आणि प्रत्येक खऱ्या वाक्यासरशी चिडायची एकेक जागा बंद होत होती. त्याला तो समुद्रकाठचा कारखाना आठवेना. इतक्या वेळा मनात पाहिलेली ती लांब खोली, ती तळव्याएवढी भिंगं, खिडकीतला उजेड, यातलं काहीच आता दिसत नव्हतं. आणि गोणीखाली वाकलेले बाबा मात्र जिन्यावर तसेच उभे होते. म्हणजे जे कधी झालंच नाही ते राहिलं आणि जे होऊ शकलं असतं ते गेलं. हा कुठला न्याय, असं त्याला वाटलं. मोठमोठ्याने रडावं असंही वाटलं, पण रडूही येईना.

बाबा खाली वाकले. कशासाठी, ते त्याला आधी कळलंच नाही. त्यांनी गुडघे मोडले, घमेल्याच्या दोन्ही कडा धरल्या आणि सरळ उभे राहिले. घमेलं त्यांच्या पोटाशी होतं, काठोकाठ भरलेलं. हात थरथरत होते, वयाने थरथरतात तेवढेच. पाठ सरळ होती. कुठेही कट्‌कन आवाज झाला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे त्याने त्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं, एक प्रकारची लाज आणि तिच्यामागून डोकावणारी मजा.

"नेऊन टाकतो खाली," ते म्हणाले. "तेवढं तरी."

ते वळले आणि बाहेरच्या दाराकडे निघालेसुद्धा. फ्रिजला वळसा घालून, पायाने दार उघडून. तेव्हा तो धावला. आपण का धावतोय ते त्याला कळत नव्हतं. त्याने पुढे होऊन घमेल्याची दुसरी कड धरली.

"द्या इकडे."

"असू दे. नेतो ना."

"द्या म्हणतो ना. पाठ..."

तो थांबला. शब्द तोंडातून गेला होता. बाबा त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, चेष्टाही नव्हती. "पाठीला काही झालेलं नाही," ते हळूच म्हणाले, आजाऱ्याला सांगावं तसं. "सोड. मला नेऊ दे."

जिन्यात खालून कुणीतरी वर येत होतं, त्याची पावलं वाजत होती. आता शेजारी बघतील, म्हातारा भरलेलं घमेलं घेऊन जिना उतरतोय आणि मुलगा मोकळ्या हातांनी उभा आहे. पण शेजाऱ्यांमुळेही नव्हतं ते. बाबा हे घमेलं घेऊन जिने उतरले, खाली टाकून आले, आणि त्यांना काहीच झालं नाही, तर मग आपण इतकी वर्षं काय सांभाळलं? सोड, तो स्वतःला म्हणाला. मोकळा हो, सोड. त्याची बोटं लोखंडी कडेवर पांढरी पडली होती. बाबांनी एकदा ओढलं, हलकेच, आणि मग तेही ओढायचे थांबले. दोघं तसेच दारात घमेलं मधे धरून उभे राहिले आणि त्याला ते सोडता येईना.